चार्जरचा टप

ट्रॉय, मिशिगन
दि. २३ ऑगस्ट २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये तू फोनवर विचारले होतेस, की इतकी वर्षे मी एकच गाडी पुन्हा पुन्हा का जोडतो आणि जोडून झाली की ती कपाटात मागे का सरकवून ठेवतो. त्या दिवशी मी विषय बदलला, कारण उत्तर माझ्याजवळ नव्हते. आता ते सापडले आहे. गाडी म्हणजे १९६८च्या डॉज चार्जरचे १:२५ मापाचे, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढे, प्लास्टिकचे मॉडेल, आणि खोट त्याच्या टपात आहे.

गेल्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर गेलो होतो. १९९५पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे जुन्या गाड्यांचा मेळा भरतो आणि फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत रस्ताभर मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाच्या जुन्या अमेरिकी गाड्या, धावत असतात. तिथे एका निवृत्त कामगाराची चार्जर पाहिली आणि धीर करून त्यांना विचारले, की मला मापे घेऊ द्याल का. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावले. मी दाराच्या काचेवर आणि मागच्या खांबावर मास्किंग टेपने बटर पेपर चिकटवला, पेन्सिलीने कडा उतरवून घेतल्या, काच बाहेरच्या बाजूला फुगीर असल्यामुळे फसगत नको म्हणून उंची पट्टीने वेगळी मोजली, आणि घरी येऊन तो कागद स्कॅन करून बरोबर चार टक्के मापावर छापला. कापलेला कागद माझ्या मॉडेलवर धरला, तर खालची कड तंतोतंत जुळली आणि वर कागद टपाच्या पुढे दीड मिलिमीटर उरला. तेवढी फट मी किती वेळ पाहत बसलो होतो, ते सांगता येणार नाही.

तू साच्यांच्या धंद्यातला माणूस आहेस, म्हणून हिशोब मांडतो. खऱ्या गाडीच्या दोन चाकांमधले अंतर ११७ इंच आहे, म्हणजे १:२५ मापात ११९ मिलिमीटरला जरासे कमी. किटमध्ये, म्हणजे मॉडेलचे सुटे भाग ज्या खोक्यात येतात त्यात, ते बरोबर ११९ आहे. एकूण लांबी २०८ इंच, म्हणजे मॉडेलमध्ये २११ मिलिमीटर, तीही बरोबर आहे. पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचे श्रिंकेज, म्हणजे साच्यात गार होताना आकसणे, अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, हे तूच मला शिकवलेस, आणि या कारखान्याने तेही नीट धरलेले दिसते. म्हणजे हे काम कुणा नवशिक्याचे नाही. तरीही टप दीड मिलिमीटर बसका आहे, खऱ्या गाडीवर जवळजवळ दीड इंच. ज्या गाडीची पूर्ण उंचीच या मापात ५४ मिलिमीटर भरते, तिच्यात एवढी तफावत डोळ्याला दिसतेच. कारण कळत नाही, फक्त गाडी रागावल्यासारखी, कपाळ आक्रसल्यासारखी वाटते. किट कोणत्या कंपनीचे, ते लिहीत नाही. चांगली कंपनी आहे आणि तिच्या इतर किटांनी मला पुष्कळ आनंद दिला आहे.

गणपती चार दिवसांवर आले आहेत, त्यामुळे पेण आठवल्यावाचून राहिले नाही. तुझ्या काकांच्या कारखान्यात आपण मूर्तींना सोनेरी रंग लावायला बसायचो, पण डोळ्यांची आखणी काका दुसऱ्या कुणालाच करू द्यायचे नाहीत. आखणी केसभर चुकली तर ते ती मूर्ती बाजूला ठेवत, मग तिच्यावर दागिन्यांचे कितीही सुबक काम झालेले असो. या किटच्या बाबतीत नेमके उलटे घडले आहे. दागिने सुरेख आहेत: इंजिनावरचे व्हॉल्व्ह कव्हर, पुढच्या चाकांचे टॉर्शन बार, मागचे पाटे, वेगळा सुटा सायलेन्सर, डॅशबोर्डवरचे वाचता येतील असे आकडे. आणि आखणी चुकली आहे.

चार्जरच्या बाबतीत ही चूक अधिक लागते, कारण ती गाडी म्हणजे तिचा टपच आहे. मधला खांब नाही, दाराखालून कंबर आत घेतलेली, मागच्या मडगार्डवर पुन्हा फुगवटा, आणि त्यावरून मागचे दोन खांब डिकीपर्यंत उतरत गेलेले, ज्यांच्या मध्ये मागची काच एखाद्या कोनाड्यासारखी आत बसलेली. हाच कोनाडा शर्यतीत नडला. मोठ्या ओव्हल ट्रॅकवर त्या खळग्यात हवा घुटमळत असे आणि गाडीचा वेग खाई, म्हणून डॉजने १९६९मध्ये काच खांबांच्या बरोबरीने आणून चार्जर ५०० काढली, आणि तेवढ्यानेही भागेना तेव्हा लांब नाक आणि उंच पंख लावून डेटोना काढली. २४ मार्च १९७० रोजी टॅलडेगाच्या ट्रॅकवर बडी बेकरने डेटोनामध्ये ताशी २०० मैलांची मर्यादा ओलांडली. काचेची जागा काही इंच हलली, तर खऱ्या गाडीचे नशीब पालटले. असे असताना मॉडेलमध्ये त्याच जागी दीड इंच इकडेतिकडे झाला तर काय बिघडले, असे मला कुणी म्हटले की वाईट वाटते.

आता यामागचा इतिहास सांगतो, कारण तो तुझ्याच व्यवसायाचा आहे. मी राहतो त्या ट्रॉय गावातच एएमटी कंपनीचा कारखाना होता. १९४८मध्ये तिची सुरुवात झाली ती गाड्यांच्या शोरूममध्ये ठेवायच्या छोट्या नमुन्यांपासून, जे विक्रेते गिऱ्हाइकांना आणि त्यांच्या मुलांना देत असत. हे नमुने करण्यासाठी मोटार कंपन्या आपल्याकडची ड्रॉइंग गाडी बाजारात येण्याआधीच देत. पुढे त्याच साच्यांतून सुटे भाग काढून किट विकायला सुरुवात झाली. एमपीसी आणि जो-हॅन याही मिशिगनमधल्याच कंपन्या, आणि त्यांचीही रीत तीच. त्यामुळे साठच्या दशकातल्या कित्येक किटांची बॉडी आजही डोळ्याला बरोबर वाटते. मात्र खालची बाजू बघवत नाही. चासी एकाच सपाट तुकड्यात, सायलेन्सरचे पाइप त्यातच उठवलेले, आणि पुढच्या चाकांचा लोखंडी आस थेट इंजिनाच्या ब्लॉकमधून आरपार गेलेला. शोरूममधल्या नमुन्याला खालून कोण बघणार होते!

पुढची गोष्ट ऐकून तुझा जीव हळहळेल. दर वर्षी गाडीची जाळी, दिवे, बंपर बदलत, आणि किट कंपन्या नवा साचा करण्याऐवजी आदल्या वर्षाच्या साच्यातच फेरफार करत. १९६७चे पोलाद खोदून १९६८ केले, की १९६७ कायमचे गेले. काही साच्यांना शर्यतीच्या गाडीचे रूप देण्यासाठी मडगार्ड कापले गेले आणि ते परत कधी भरले गेले नाहीत. आज कोणती गाडी जुन्या साच्यातून निघू शकते आणि कोणती नाही, हे गाडीच्या थोरवीवर ठरलेले नाही. कोणत्या वर्षी साचा बदलायचे थांबले, त्यावर ते ठरले आहे. एएमटी आणि एमपीसी ही दोन्ही नावे आता इंडियानातल्या राउंड टू या कंपनीकडे आहेत आणि ती जुनी किटे नव्या खोक्यांतून पुन्हा आणते. मी ती घेतोही. पण आम्हा छंदी लोकांची भूक नव्या खोक्याने भागत नाही.

आमची मागणी खरे तर फार साधी आहे. जुन्या किटांची बॉडी आणि नव्या किटांची चासी एका खोक्यात द्या. दोन्हींपैकी एकच जमणार असेल, तर बॉडी द्या, कारण इंजिन मी घडवू शकतो, आता तर थ्रीडी प्रिंटरवर कार्ब्युरेटरसुद्धा छापून मिळतो, पण टप मला घडवता येत नाही. नवा साचा महाग पडतो, मोटार कंपनीला नावाच्या वापराचे पैसे द्यावे लागतात, गिऱ्हाइकांचे केस पांढरे होत चालले आहेत, ही कारणे मी ऐकली आहेत आणि ती खोटी नाहीत. परंतु पोलादाला, स्लाइडना, म्हणजे साच्याच्या सरकत्या भागांना, आणि मशीनच्या तासांना टप बरोबर असला तरी तेवढेच पैसे पडतात आणि चुकला तरी तेवढेच. फरक पडतो तो साचा कापण्याच्या आधी, कॅव्हिटीचे, म्हणजे साच्यातल्या पोकळीचे, मॉडेल पडद्यावर असताना, कुणी खऱ्या गाडीशेजारी उभे राहून ते पडताळले की नाही, यात. एकदा पोलाद कापले की टप उंच करण्यासाठी कॅव्हिटी खोल करता येईल, पण कोअरवर, म्हणजे आतली बाजू घडवणाऱ्या भागावर, पोलाद वाढवायचे म्हणजे नवा इन्सर्ट, वेगळा बसवायचा तुकडा, आला, आणि काचांचा साचा वेगळाच बदलावा लागणार. त्या वेळी कोणताही व्यवस्थापक नाहीच म्हणेल, हे मलाही समजते.

हे होऊ शकत नाही असे मी मानत नाही. जपानच्या तामियाने सत्तरच्या दशकात १:१२ मापाची पोर्शे करायची ठरवली, तेव्हा मापे पुरेशी मिळेनात म्हणून एक खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती खोलली. तेवढे माझ्या चार्जरसाठी कुणी करावे, असे मी म्हणत नाही. इथे वुडवर्डवर वर्षातून एकदा शेकडो गाड्या रांगेने उभ्या राहतात आणि त्यांचे मालक मापे घ्यायला नाही म्हणत नाहीत, एवढेच सांगतो.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. त्या वेळची चाके १४ इंची होती, म्हणजे मॉडेलमध्ये रिम १४.२ मिलिमीटर हवी. पण मोठी चाके डौलदार दिसतात म्हणून ती वाढवली जातात आणि मडगार्डची कमान भरून जाते. १९६८च्या ४४० मॅग्नम इंजिनाचा रंग फिरोजी होता, सूचनापत्रिकेने मला नारिंगी लावायला सांगितला आणि मी लावलाही. पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथली रेघ, खांबांच्या धारेवरून नेलेली असते, तिथे वॉटर पेपर फिरवला की धार बोथट होते. क्रोमच्या भागांचे गेट, म्हणजे प्लास्टिक आत शिरण्याची जागा, समोरच्या बाजूला का ठेवतात, ते तूच सांग. आणि रबरासारखे मऊ विनाइलचे टायर कित्येक वर्षे पॉलिस्टायरिनला टेकून राहिले की प्लास्टिक वितळवतात. माझ्या एका गाडीच्या रिम अशाच खाल्ल्या गेल्या. १:२४ आणि १:२५ या दोन मापांचे भांडण तर मिटणारे दिसत नाही. शेजारी ठेवल्यावर चार टक्क्यांचा फरक खुपतो, पण त्याला आता इलाज नाही.

टप स्वतः दुरुस्त करण्याचा प्रयत्न मी गेल्या रविवारी केला. बारीक करवतीने चारही खांब कापले आणि दीड मिलिमीटरच्या पट्ट्या मध्ये घातल्या. तेव्हा लक्षात आले, की पुढचा खांब मागे झुकलेला आणि मागचा पुढे झुकलेला असल्यामुळे टप सरळ वर उचलला की वरचा आणि खालचा भाग एका रेषेत येत नाही. टप आता त्या उंचीसाठी लांब ठरतो आणि तो मधून कापून तोकडा करावा लागतो. ते करताना डावीकडचा पुढचा खांब मोडला. किटमधली काच तर आता बसणारच नाही.

म्हणून तुझ्याकडे एक काम मागतो आहे. सोबत बटर पेपरचे स्कॅन, तीन बाजूंचे फोटो आणि मापांचा तक्ता पाठवला आहे. कमरेच्या रेषेपासून वरचा सगळा भाग, चारही खांबांसह, तुझ्या टूलरूममधल्या प्रिंटरवर रेझिनमध्ये एका तुकड्यात काढता येईल का, ते पाहा. पुढचा खांब खऱ्या मापाने एवढा बारीक येतो की मला तो टिकण्याची खात्री वाटत नाही, तेव्हा तो आतून किती जाड ठेवावा, हे तू ठरव. बाहेरची कड मात्र हलवू नकोस. मागच्या काचेच्या कोनाड्याची धार तीक्ष्ण राहू दे. काचा मी पारदर्शक शीट तापवून इथेच व्हॅक्यूमने ओढीन, त्यासाठी लाकडी ठोकळा तयार आहे. पहिला तुकडा बिघडला तरी फेकू नकोस, मला तो पाहायचा आहे.

डिसेंबरमध्ये मी पंधरा दिवसांसाठी येतो आहे. टप काढलेली बॉडी हातातल्या सामानातून आणीन आणि भोसरीला तुझ्या टेबलावर दोन्ही भाग जुळवून बघू. येताना तो कापलेला कागदही आणतो.

काकांना माझा नमस्कार सांग. या वर्षी आखणी कोण करते आहे, तेही कळव.

तुझा,
अविनाश