बाबा, त्या जुन्या डब्याबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

मी मजेत आहे, जेवण-झोप सगळं वेळेवर. बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात 'हा जुना डबा कशाला आणलास', तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही. नव्वदीतला होम थिएटर रिसीव्हर आहे तो, म्हणजे घरात थिएटरसारखा चहूबाजूंनी आवाज देणारा अँप्लिफायर, डॉल्बी प्रो लॉजिकवाला (दोन वायरींतला आवाज पुढे-मधे-मागे वाटून देणारी पद्धत), आणि फुकट मिळालाय, ऑफिसमधला एक जण घर बदलत होता. आई, शॉक-बिक बसणार नाही, मी झाकण उघडतच नाही, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज राहतो हे माहितीये मला.

इथल्या होम थिएटरच्या हौशी लोकांचं एक मला आधी कळायचंच नाही. सिनेमा लावायच्या आधी टेप घेऊन सोफ्यापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजतात, मग टेस्ट टोन, शूऽऽ असा आवाज डावीकडून मधे, उजवीकडे, मग मागे फिरतो, सगळीकडून सारखा येईपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि सोफा वीतभर सरकला की परत पहिल्यापासून. आता कळलं, मागचा आवाज मुद्दाम साधारण 20 मिलिसेकंद उशिरा सोडतात, म्हणजे संवाद पुढूनच आल्यासारखा वाटतो.

बाबा, तुम्ही टेपरेकॉर्डरचे दोन स्पीकर कपाटाच्या दोन टोकांना ठेवून मला बरोबर मधे बसवायचात आठवतंय? तिथूनच गाणारा समोर उभा वाटायचा. 1982 च्या घरगुती डॉल्बी सराउंडलाही, म्हणजे प्रो लॉजिकच्या आधीच्या पद्धतीलाही, मधला स्पीकर नव्हता, तो 1987 च्या प्रो लॉजिकने दिला. डब्यात आवाज येतो लाल-पांढऱ्या दोनच वायरींतून, दोन्हींत सारखं असेल ते मधे, उलट्या फेजचं, म्हणजे एकीत लाट वर तेव्हा दुसरीत खाली असं, असेल ते मागे, तेही 7 किलोहर्ट्झच्या वरचे बारीक आवाज कापलेलं म्हणून जरा दबकं. पुढे डीव्हीडीवर सगळे चॅनल, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज, सुटे मिळायला लागले आणि ही मशिनं माळ्यावर गेली. पण कडेला बसलेल्यालाही आवाज पडद्यातूनच येतो ही सोय ह्यांनी घरात आणली. तुम्ही कायम कडेलाच बसायचात, मला हे आत्ता कळतंय.

पैसे सोमवारी टाकलेत, डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नका. धाकटीच्या लग्नाला आठच दिवस सुट्टी मिळतेय, हॉलचं, पत्रिकांचं सगळं तुमच्यावर पडतंय, मी रोज रात्री फोन करीन. आणि आई, तो फोटो पाहिला, मुलगी छान आहे, बोलतो तिच्याशी, पण तिच्या घरी एवढ्यात शब्द देऊ नकोस.

तुमचा,
बाळू