तीस सेकंदांत चौदा किलो : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात वजन कमी करण्याची इंजेक्शनं विकणाऱ्या एका संकेतस्थळावर मी फॉर्म भरला. उंची १६० सेंमी, वजन ६४ किलो. खरं तेच लिहिलं. "क्षमस्व, आपण या उपचारासाठी पात्र नाही," असं उत्तर आलं. मी मागे गेले आणि ६४ चे ७८ केले. लगेच "अभिनंदन!" आणि पैसे भरायचं पान. तीस सेकंदांत माझं वजन चौदा किलोंनी वाढलं, आणि पलीकडे कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

हा उद्योग मी गंमत म्हणून केला नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीने दुसऱ्या एका विक्रेत्याकडून असंच औषध मागवलं होतं. तिथे तर फॉर्मही नव्हता. पार्सल उघडलं तर इंजेक्शनचं तयार भरलेलं पेन नाही. पांढऱ्या भुकटीची बोटाच्या पेराएवढी बाटली, पाण्याची दुसरी बाटली आणि इन्शुलिनच्या चार सिरिंजा. सोबतची बर्फाची पिशवी वितळून कोमट झालेली. माहितीपत्रकाचा पत्ता नाही. लेबलवर '५ मिग्रॅ' आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही'.

डोस किती, हे तिने मेसेज करून विचारलं. "०.२५ ने सुरू करा," एवढंच उत्तर. तिने भुकटी एक मिली पाण्यात विरघळवली आणि सिरिंज २५ च्या रेघेपर्यंत भरली. घोळ झाला तो इथे. ०.२५ होते मिलिग्रॅम, आणि त्या सिरिंजवरच्या रेघा असतात युनिटच्या. शंभर युनिट म्हणजे एक मिली, म्हणजे इथे पाच मिलिग्रॅम औषध. तिला भरायची होती पाचची रेघ. औषध गेलं पाचपट. दोन दिवस पाण्याचा घोटही पोटात ठरेना, शेवटी सलाइन लावावं लागलं.

तिला वेंधळी म्हणून मोकळं होता येतं. मीही आधी तेच केलं. मग वाचनात आलं की अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, जुलै २०२४ मध्ये याच गोंधळाबद्दल इशारा दिला होता. बाटलीतून सेमाग्लुटाइड (वजन कमी करण्याच्या या इंजेक्शनांतलं औषध) सिरिंजमध्ये ओढून घेताना काही रुग्णांनी ठरल्यापेक्षा पाच ते वीसपट डोस टोचून घेतले होते. इतके जण एकाच ठिकाणी घसरत असतील, तर दोष पायाचा की पायरीचा?

माझी तक्रार औषधाविरुद्ध नाही. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं होतं. लठ्ठपणाशी वर्षानुवर्षं झगडणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको. पण हे औषध जिन्यासारखं चढायचं असतं. आठवड्यातून एकदा ०.२५ मिग्रॅ, चार आठवड्यांनी ०.५, मग १, १.७ आणि शेवटी २.४. मळमळ वाढली तर एखाद्या पायरीवर थांबायचं, पोटात असह्य दुखलं तर ताबडतोब बंद करून डॉक्टर गाठायचा, कारण तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात हे विचारायला समोर माणूस लागतो. पैसे मिळाल्यावर गप्प होणारा चॅटचा चौकोन तिथे कामाचा नाही.

बहिणीला नंतर ज्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी आधी तिला काट्यावर उभं केलं. घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग? पित्ताशयात खडे? मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे? दोन-तीन महिन्यांत मूल होऊ देण्याचा विचार? सगळं ऐकून ते म्हणाले, "तुम्हाला या इंजेक्शनची गरज नाही." भरवशाचा माणूस मला तिथे ओळखू आला. धंदा बुडाला तरी 'नाही' म्हणणारा.

"खात्रीच्या ठिकाणाहूनच औषध घ्या," असं आम्हाला नेहमी सांगितलं जातं. खात्री आम्ही करायची कशी? जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला. ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत बनावट माल सापडला होता. ब्रिटनमध्ये तर तो परवानाधारक घाऊक विक्रेत्यांपर्यंत पोहोचला होता. ऑस्ट्रियात २०२३ मध्ये बनावट असल्याचा संशय असलेलं इंजेक्शन घेतलेल्यांची रक्तातली साखर कोसळली, झटके आले. आत इन्शुलिन असावं, असा तिथल्या अधिकाऱ्यांचा कयास होता. जिथे व्यापारी फसतात, तिथे खोक्यावरची स्पेलिंग तपासून आम्ही काय दिवे लावणार?

म्हणून साहेब, फॉर्मवर भिस्त ठेवून हे औषध विकणं आधी थांबवा. ब्रिटनच्या फार्मसी नियामकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये तसे निर्देश दिले आहेत : रुग्णाने भरलेल्या आकड्यावर विसंबायचं नाही; वजन-उंचीची खातरजमा प्रत्यक्ष भेटीत, व्हिडिओ कॉलवर किंवा जुन्या वैद्यकीय नोंदींतून करायची. हे जमण्यासारखं आहे, यापेक्षा वेगळा पुरावा काय द्यायचा? औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक पैसे भरायच्या आधी दिसला पाहिजे, आणि तो क्रमांक सरकारी नोंदवहीत आम्हाला स्वतः पडताळता आला पाहिजे. पानाच्या तळाशी चिकटवलेली हिरवी मोहर कुणीही रंगवतं.

आणि 'संशोधनासाठी' म्हणून घरोघरी जाणारी ही भुकटी. कुठलं संशोधन स्वयंपाकघराच्या ओट्यावर चालतं?

बाटली अजून माझ्या फ्रिजच्या दारात आहे, वर कागद गुंडाळून. अर्ध्याहून जास्त भरलेली. कचऱ्यात टाकायला धजावत नाही, बेसिनमध्ये ओतायला तर त्याहून नाही. ती कुणाकडे जमा करायची, एवढं तरी आपल्या कार्यालयाने कळवावं.

आपली,
एक नागरिक