उद्यमनगरातल्या बफिंगवाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी कोल्हापूरला येऊन तुमच्या हातात देऊ शकले असते. पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे ॲल्युमिनियमच्या रिमा असलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. रिमेवर पांढरे ठिपके आणि खड्डे दिसायला लागले की आम्हाला दोनच सल्ले मिळतात: रिम बदला, नाहीतर रंग मारा. तुम्ही तिसरा रस्ता दाखवलात: खड्डे घासून काढायचे आणि मग बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर धरून रिम चकाकवायची. त्याचे आभार मानायचे तर तो रस्ता कसा आहे हेही लोकांना कळायला हवं.

माझ्या जुन्या बुलेटची पुढची रिम मी दुकानात आणली तेव्हा तुम्ही आधी खिशातला लोहचुंबक लावून बघितलात. चिकटला असता तर ती क्रोम चढवलेली लोखंडी रिम, आणि तिचं औषध वेगळं. चिकटला नाही. मग पॉलिशची क्रीम लावून एका कोपऱ्यात कापड घासलंत. कापड काही ठिकाणी लगेच काळं झालं, काही ठिकाणी पांढरंच राहिलं. "पांढरं ऱ्हायलंय तितं अजून लॅकर हाय ताई, आणि लॅकरच्या खालनं गंज पळतोय," असं तुम्ही म्हणालात. इतकी वर्षं गाडी चालवतेय, पण रिमेवर पारदर्शक थर असतो आणि तो फुटला की पाणी त्याच्याखाली शिरून कोळ्याच्या पायांसारख्या रेघा काढत जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे हा त्रास एवढा का, हेही तुमच्यामुळेच नीट समजलं. ॲल्युमिनियम हवेत आला की त्याच्यावर ऑक्साइडचा फार पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच त्याला जपतो. मिठातला क्लोराइड हा थर जागोजागी फोडतो. हवेत साधारण ७५ टक्क्यांहून जास्त दमटपणा असला की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि किनाऱ्यावर तेवढा दमटपणा बहुतेक रोजचाच. भर पावसात रिम निदान धुतली तरी जाते. मे महिन्यात खारा वारा सुटतो, पाऊस नसतो, आणि रिमेवर बसलेलं मीठ रात्रभर ओलंच राहतं. खड्डे खरे तेव्हा पडतात. त्यातून तारांच्या (स्पोकच्या) निपलपाशी, म्हणजे तार रिमेला आवळणाऱ्या छोट्या नटापाशी, दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असतात. मधे खारं पाणी आलं की ॲल्युमिनियमच झिजतो. माझ्या रिमेवर सगळ्यात जास्त खड्डे निपलच्या भोकांभोवती होते ते यामुळेच.

तुमच्याकडे येण्याआधी ही रिम एका ठिकाणी बफिंग होऊन आली होती. झळाळत होती. पण उजेडात तिरकी धरली की प्रत्येक खड्ड्यातून एक बारीक शेपटी निघालेली दिसायची, आणि पुढच्या मोसमात ठिपके पुन्हा वर आले. तुम्ही ती शेपटी बोटाने दाखवून कारण सांगितलंत: खड्डा तसाच ठेवून वरून बफ चालवला की मऊ धातू ओढला जातो, खड्ड्याचं तोंड अर्धवट मिटतं आणि आतली पांढरी पूड, आतलं मीठ आतच राहतं. हा खड्डा पुळणीवरच्या, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूतल्या, कुर्लीच्या (खेकड्याच्या) बिळासारखा असतो. तोंड बारीक, आत पोकळी मोठी.

आणि मग तुमचं ते वाक्य, जे मी आता प्रत्येकाला ऐकवते: "खड्डा भरत नसतोय ताई. खड्ड्याच्या तळाएवढं बाकीचं खाली आणायचं असतंय."

सगळं काम यातच आलं. खड्डा काढणं म्हणजे त्याच्या आजूबाजूचा चांगला धातू घासून कमी करणं. म्हणून तो किती खोल आहे हे आधी बघायचं. तुम्ही माझं बोट धरून रिमेवर नख फिरवायला लावलंत. नख अडकतं तो खड्डा, नुसता दिसतो तो डाग. डाग बफिंगने जातो. खड्ड्याला पॉलिश पेपरच लागतो.

तारा सोडलेली उघडी रिम तुम्ही रिमूव्हरने लॅकर काढून, गरम पाण्याने आणि टूथब्रशने धुतलीत, एकेक खड्डा कोरून. मग जे केलंत ते मी कुठेच पाहिलं नव्हतं. रिमेला घासलेट लावलंत, थोडा वेळ ठेवलंत, कोरडी पुसून वर खडूची पूड भुरभुरवलीत. तडा असता तर त्यातलं घासलेट खडूत उतरून ओली रेघ उमटली असती. निपलच्या भोकांपाशी तुम्ही चष्मा वर करून किती वेळ बघत होतात! रेघ नाही हे ठरल्यावरच पेपर हातात घेतलात. तडा निघाला असता तर रिम परत दिली असती, असं तुम्ही सरळ सांगितलंत. चकाकीसाठी पैसे द्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला आधी हे सांगणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

पेपरचं काम तुम्ही मला स्वतः करायला दिलंत, आणि त्यासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. खोल खड्ड्यांच्या भागात ३२० नंबर, मग ४००, ६००, ८००, १०००, १५००, म्हणजे जाड पेपरापासून बारीककडे. पेपर घासलेटमध्ये बुडवून, म्हणजे ॲल्युमिनियमचा चिखल त्यात अडकून बसत नाही. ३२० आडवा मारला तर ४०० उभा. आधीच्या नंबरची एकही आडवी रेघ दिसेनाशी होईपर्यंत पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. फक्त खड्ड्यावर बोट दाबून घासायचं नाही, नाहीतर तिथे खोलगट वाटी होते आणि पॉलिशनंतर उजेड तिथे वाकडा पडतो. हात लांब फिरवायचा. मी ६०० वर असताना तुम्ही लांबून बघून "३२० ची रेघ हाय, मागं जावा" म्हणालात, आणि रेघ खरंच होती.

निपलच्या भोकांपाशी तीन खड्डे राहिले. मला ते काढायचे होते. तुम्ही पेपर माझ्या हातातून काढून घेतलात. त्या जागी तारेचा सगळा ताण येतो, तिथला धातू पातळ करायचा नाही, हे तुम्ही रागावून नाही, पण ठाम सांगितलंत. ते तीन खड्डे आजही रिमेवर आहेत, स्वच्छ केलेले. कुणी विचारलं तर मी आवर्जून दाखवते.

बफिंग मात्र तुम्ही मला करू दिलं नाहीत, आणि कारणही पटलं. ॲल्युमिनियमची बारीक पूड हवेत असताना ठिणगी पडली तर भडका उडतो. म्हणून लोखंडासाठी तुमची मोटर वेगळी, ॲल्युमिनियमची वेगळी, आणि घासलेटचा वास पूर्ण जाईपर्यंत रिम मशीनवर नाही. तोंडावर मास्क. आधी सिसलच्या (काथ्यासारख्या जाड दोऱ्याच्या) चाकावर पॉलिशचा जाड साबण, मग सुट्या कापडाच्या चाकावर बारीक साबण, आणि शेवटी काळपट तेलकटपणा मैद्याने टिपून घेतलात. वर मेणाचा पातळ हात.

घरी आल्यावर आमच्या मेकॅनिकने तारा भरल्या, आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढला, आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रत्येक निपलच्या बुडाशी थोडं ग्रीस लावलं. पुळणीजवळून गाडी आणली की मी गोड्या पाण्याने रिम धुते आणि पुसते. वॉशिंग सेंटरवर रिमेवर ॲसिड मारू देत नाही. कॉस्टिक सोडा असलेलं तर काहीच नाही, कारण ते ॲल्युमिनियमच खातं. शेजारच्या काकू तांब्याचे हंडे घासायची चिंच-मीठ घेऊन मदतीला आल्या होत्या. त्यांना मी मीठ का चालत नाही ते समजावलं आणि आता त्याच त्यांच्या मुलाला समजावतात. मेण उतरलं की पाणी रिमेवर थेंबाथेंबाने न राहता पसरतं, ही तुमची खूण मी लक्षात ठेवलीय. तसं दिसलं की पुन्हा हात मारते.

एक संपूर्ण उन्हाळा आणि पाऊस गेला. खारा वारा नेहमीसारखाच होता. एकही नवा ठिपका नाही.

मामा, तुमच्या दुकानात माझ्याआधी ओळीने कास्टिंगची कामं पडली होती, कारखान्यांची, माझ्या कामाच्या कितीतरी पट मोठी. एका रिमेसाठी आलेल्या बाईला तुम्ही "उद्या या" म्हणून वाटेला लावू शकला असतात. त्याऐवजी स्टूल दिलंत, चहा दिलात, आणि आयुष्यभर हातात जमवलेलं सगळं मला सांगत बसलात. हे कसं फेडायचं मला माहीत नाही. मनापासून आभार.

मागची रिम गणपती झाल्यावर घेऊन येते. तारा सोडून, धुऊन आणते, आणि ३२० चं काम घरीच करून ठेवते. तुम्ही फक्त नख फिरवून बघा. तुमच्या सुनेने कोकमाची सोलं मागितली होती, ती घरची आणतेय.

तुमची,
मालवणची बुलेटवाली