सील झिजले नव्हते, बसले होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ड्रोनवरचा लेख इथे कोलोरॅडोत सकाळच्या चहाबरोबर वाचला. लेख चांगलाच आहे. फक्त 'रोटरी इंजिनाचे सील झिजतात, म्हणून विमानाला ते चालत नाही' या एका वाक्यापाशी माझा चहा गार झाला. शिवाय सोबत छापलेले चित्र पहिल्या महायुद्धातल्या इंजिनाचे आहे. त्यात सिलिंडरच पंख्यासकट गरगर फिरत. लेखातले इंजिन फेलिक्स वँकेलचे, त्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो. दोघांत नावापलीकडे काही नाते नाही.

मी मूळचा नगरचा. इथे गॅरेजमध्ये नऊ वर्षे खपून दोन आसनांचे विमान बांधले. त्याला मोडीतल्या माझदा आरएक्स-7 गाडीचे 13बी इंजिन बसवले आहे. हौशी बांधणीच्या विमानाला इथे तशी मुभा असते. इंजिनात 654 सीसीचे दोन तिकोनी रोटर आहेत. प्रत्येक टोकाच्या खाचेत दोन मिलिमीटर जाडीची एक पट्टी, खाली स्प्रिंग. हेच ते बदनाम एपेक्स सील. काम पिस्टनच्या रिंगचेच: रोटरच्या तीन बाजूंना तयार होणाऱ्या तीन खोल्यांतला दाब एकीतून दुसरीत गळू न देण्याचे. बदनामी अगदी खोटीही नाही. 1967 च्या एनएसयू आरओ 80 गाडीने या सीलपायी कंपनीला घाईला आणले, आणि माझदाच्या सुरुवातीच्या इंजिनांत हाउसिंगवर (रोटर ज्यात फिरतो त्या कवचावर) जे ओरखडे उठत त्यांना जपानी लोक सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. पण त्याच माझदाने 1991 मध्ये चार रोटरच्या इंजिनावर ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली, हे कोणी लिहीत नाही.

आता माझी गोष्ट. गेल्या हिवाळ्यात गुडघ्याचे ऑपरेशन झाले, विमान हँगरमध्ये पडून. बॅटरी उतरू नये म्हणून मी दर पंधरा दिवसांनी काठी टेकत जायचो आणि मंद गतीवर पंधरा मिनिटे इंजिन चालवून यायचो. मार्चमध्ये पाहतो तर थंड इंजिन झटक्यात सुरू होई, पण गरम झाल्यावर बंद केले की पुन्हा काही केल्या लागेना. जमिनीवर पूर्ण थ्रॉटल दिला तरी दीडशे आरपीएम कमी. शेजारच्या हँगरमधल्या गृहस्थांनी लांबूनच निदान केले: सील गेले, इंजिन उतरवा. म्हणजे हजारो डॉलर आणि अख्खा उन्हाळा.

मी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे रोटर हवा किती दाबतो ते, मोजले. साध्या गेजमधला दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह काढायचा, इंजिन गरम असताना एक प्लग काढून तिथे गेज लावायचा, पेट्रोल आणि इग्निशन बंद करून थ्रॉटल उघडा ठेवायचा आणि स्टार्टर मारायचा. रोटरच्या तीन बाजूंचे तीन ठोके काट्यावर दिसतात. डोळ्याला ते पकडता येत नाहीत, म्हणून मोबाइलवर चित्रीकरण करून सावकाश पाहिले. पुढचा रोटर: 76, 75, 76 पौंड (दर चौरस इंचाला). मागचा: 74, 52, 54.

मॅन्युअलमध्ये किमान 85 पौंड हवेत. पण तो आकडा समुद्रसपाटीचा. आमचा विमानतळ पाच हजार फुटांवर, इथे हवेचा दाबच सुमारे 17 टक्के कमी. म्हणजे इथले 70 ते तिथले 85. पुढचा रोटर पास. मागच्यात दोन बाजू पडलेल्या. एकच बाजू पडली असती तर साइड सीलवर (रोटरच्या सपाट अंगावरच्या पट्टीवर) संशय घेतला असता, कारण ते ज्याच्या त्याच्या बाजूपुरते असते. एपेक्स सील मात्र दोन खोल्यांमधल्या सामाईक भिंतीसारखे. ते गळले की दोन्ही शेजारी बुडतात.

सील सापडले. पण झिजले की अडकले? इथे मला माळीवाड्यातले मिस्त्री आठवले. आमच्या नगरच्याच कारखान्यातली लूना घेऊन मी त्यांच्याकडे रडत गेलो होतो. ते म्हणाले, "अरे, रिंग झिजली नाही, बसलीये." आणि रॉकेल ओतून गाडी रात्रभर ठेवून घेतली.

मी एक्झॉस्ट काढला. या जुन्या 13बीत त्या भोकातून सील थेट दिसते. इग्निशनच्या वायरी सोडवल्या, मग पंखा हाताने फिरवत (गुडघ्याने शिव्या दिल्या) लाकडी काडीने एकेक सील दाबले. पाच सील दबून वर आले. सहावे हलेना. हिवाळाभर मंद गतीवर चालवून मीच खाचेत काजळी भरली होती.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल प्लगच्या भोकातून थोडे थोडे सोडले, दोन दिवस अधूनमधून पंखा फिरवला. सुरू केल्यावर धूर इतका, की विमानतळाची अग्निशामक गाडी येऊन पाहून गेली. मागच्या रोटरचे नंतरचे आकडे: 75, 71, 72. तरीही पहिला तासभर विमानतळाच्या डोक्यावरच घिरट्या घातल्या, इंजिन बंद पडले तरी धावपट्टी गाठता येईल इतक्या उंचीवर. आता पेट्रोलमध्ये गॅलनला एक औंस टू-टी ऑइल घालतो, लूनाला घालायचो तसे. आणि उडायचे नसेल तर इंजिन सुरूच करत नाही.

शरदात इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या सीलसाठी इंजिन उघडावे लागले, तेव्हा ते सहावे सील मोजले. नव्याची उंची 8 मि.मी., बाद करायची मर्यादा 6.5. माझे भरले 7.6. सील तुटते तेव्हा मात्र हाउसिंगवरचा क्रोमही खरवडून जातो, आणि तिथे कोणतेही तेल उपयोगाचे नाही.

लेखात आणखी एक राहून गेले. निशांत या चालकरहित विमानासाठी बंगळूरच्या एनएएल आणि एडीई या विमान-संशोधन संस्थांच्या जोडीने आमच्या नगरच्या व्हीआरडीई या लष्करी वाहन-संशोधन संस्थेने 55 अश्वशक्तीचे वँकेल इंजिन घडवले, आणि ते एप्रिल 2009 मध्ये कोलारला उडाले. पुढच्या वेळी चित्र छापाल तेव्हा तिकोनी रोटरचे छापावे, ही विनंती.

आपला,
एक नगरकर वाचक
(सध्या मुक्काम कोलोरॅडो)