'हॅपी गिलमोर'ला नावं ठेवणाऱ्यांना

संपादक साहेब, असले थिल्लर स्पोर्ट्स पिक्चर डोकं बाजूला ठेवून बघायचे म्हणतात, पण अ‍ॅडम सँडलरच्या १९९६ च्या 'हॅपी गिलमोर'मध्ये डोकं आहे हो, फक्त मिरवत नाहीत. टॅक्स थकल्यामुळे आजीचं घर जातंय म्हणून हा भडकू आइस हॉकीवाला गोल्फमध्ये घुसतो, लांबून पळत येऊन बॉल हाणतो आणि त्या हळूच टाळ्या वाजवणाऱ्या शिष्ट लोकांत सरळ मारामाऱ्या करतो! टीव्हीवरच्या गेम शोचे म्हातारे होस्ट बॉब बार्कर त्याला बदडतात तिथे तर मी अजून लोळतो. आणि तो पळत मारायचा शॉट पॅड्रिग हॅरिंग्टनसारखा मेजर (गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकलेला खराखुरा प्लेअर पण मारून दाखवतो, आता बोला. जोक पांचट आहेत, मान्य. पण हॅपीचा शिष्ट प्रतिस्पर्धी, त्या शूटर मॅकगॅविनची जिरते तेव्हा ज्यांना शिट्टी मारावीशी वाटत नाही ते बहुतेक गोल्फ क्लबचे मेंबर असणार.

– एक वाचक