पाषाण तलावातले शेवाळ आणि उन्हाचा उतारा: पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

उन्हात कामाला लागणारे पदार्थ पाण्यात सोडून शेवाळ मारायचे, असा एखादा प्रस्ताव आज ना उद्या आपल्या टेबलावर येईल. ते थोतांड नाही, म्हणूनच हे पत्र.

यातला सर्वांत परिचित पदार्थ टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगातला. त्याच्यावर अतिनील किरण पडले की पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे समोर येईल त्यावर तुटून पडणारे अतिक्रियाशील कण, तयार होतात. ते शेवाळाच्या पेशी फोडतातच, शिवाय त्यातून सुटलेले विषही तोडू शकतात. खरे मोल या दुसऱ्या कामाचे. ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर १९७९ साली धरणातल्या शेवाळावर मोरचूद टाकले गेले. त्यानंतर १४८ जण आजारी पडले, त्यात बहुतेक मुले होती. पुढे ठपका आला तो फुटलेल्या पेशींतून पाण्यात उतरलेल्या विषावर. पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्धोक झाले असे नाही.

पण अडचणीही आहेत. उन्हात अतिनील किरण जेमतेम ५ टक्के, आणि हिरव्या गढूळ पाण्यात ते फार खाली पोचत नाहीत. साध्या उजेडावर चालणारे कार्बन नायट्राइड, बिस्मथची संयुगे वगैरे आता आली आहेत. त्यांचे बरेचसे यश मात्र प्रयोगशाळेतल्या काचपात्रांतले. तलावातला सेंद्रिय गाळ आणि पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट क्षार हे रॅडिकल आधीच गिळून टाकतात. उरलेले रॅडिकल शेवाळ कोणते आणि माशांचे खाद्य असलेले सूक्ष्मजीव कोणते, हे बघत नाहीत. या पदार्थांची पूड तळाशी बसली तर ती परत काढणार कोण?

म्हणून विनंती अशी. एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) दोन्ही पुण्यातल्या पाषाणातच आहेत. त्यांना पाषाण तलावाचा एक कोपरा तळापर्यंत पडदे लावून वेगळा करू द्या. पूड न सोडता तिचा लेप दिलेल्या, उचलून काढता येतील अशा तरंगत्या जाळ्या तिथे ठेवा. शेजारी तसाच एक कप्पा काहीही न टाकता राखा. दोन्हींत मायक्रोसिस्टिन, म्हणजे काही शेवाळांतून सुटणारे विष, मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. नुसत्या हिरवेपणाच्या आधी-नंतरच्या फोटोंवर बिल मंजूर होऊ नये.

आणि रामनदीतून तलावात येणाऱ्या सांडपाण्याचे काय? शेवाळाला फॉस्फरस तेच पुरवते. ते तसेच ठेवून जाळ्या लावणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. (जलपर्णीच्या बाबतीत दरवर्षी हेच चालते. ती काढायची, मग पुन्हा काढायची.) उजनीवर तर हा प्रयोग नकोच. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत जाते, सोलापूरकर ते पाणी पितात. एवढ्या अफाट जलाशयावर जाळ्या पसरायच्या तरी किती?

चाचणीचा आदेश काढाल, त्याच आदेशात रामनदीचे नाले मैलापाणी प्रक्रिया केंद्राला जोडण्याची तारीखही घाला. दोन्ही कप्प्यांचे आकडे, चांगले असोत वा वाईट, दर महिन्याला जाहीर करा.

आपला,
पाषाणचा एक रहिवासी