मीठ धुणारं घर आणि आईचं हसू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मग अंथरूण. वय 81, डोळ्यांत मोतीबिंदू, टीव्ही लावला की डोकं उठतं म्हणते. म्हणून रोज दुपारी जेवणं आटोपली, की मी तिच्या खाटेशी खुर्ची ओढून वाचायला बसू लागले. वाचनालयातून पहिलं हाताला लागलं ते लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'.

दुसऱ्याच दिवशी आई हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सासरे 1857च्या धामधुमीत फासावर गेले आणि वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं, ते इतकं की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. "अगं, मग उरायचं काय त्याचं?" असं म्हणत आई पोट धरून हसत राहिली. टाके दुखतील म्हणून मी पुस्तक मिटलं, तर रागावली. हसू ओसरल्यावर म्हणाली, "पण त्या घरातल्या पोरींनी कसे दिवस काढले असतील गं?" लक्ष्मीबाईंची लेखणी अशी आहे. त्या वडिलांची टिंगल करत नाहीत, की स्वतःची कीव करत नाहीत. जे घडलं ते समोर ठेवतात, आणि आपण हसता हसता गप्प होतो.

1895 साली लक्ष्मीबाईंचे पती, कवी ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी पुढची पाच वर्षं ज्या यातनेत काढली ती वाचताना माझा आवाज अडखळला. याच बाईंनी पुढे सोवळंओवळं मनातून काढून टाकलं, नगरच्या घरात बालकवी ठोंबऱ्यांचे रुसवेफुगवे आईच्या मायेनं काढले आणि टिळकांच्या मागे त्यांचं येशूवरचं अपुरं काव्य 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं. शाळेची पायरी न चढलेली ही बाई!

मग आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' वाचलं. त्यांचे पती अण्णा, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, यांचं 'आत्मवृत्त' 1915चं, बायांचं (आनंदीबाईंना बाया म्हणत) पुस्तक 1944चं. दोन्ही लागोपाठ वाचावीत असं मी आग्रहानं सांगेन. महर्षी कर्वे म्हटलं की आपण हात जोडून मोकळे होतो. पण विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकणाऱ्या माणसाबरोबर पोरंबाळं घेऊन संसार करायचा म्हणजे काय, ते बायांकडूनच ऐकावं. त्या नवऱ्याशी भांडतात आणि त्याच्या कामासाठी झिजतातही.

कर्व्यांची साताऱ्याची हकिकत आईला फार आवडली. परीक्षेसाठी मुरुडहून भर पावसात घाट चढून पायी सातारा गाठायचा, आणि तिथे साहेबांनी वय लहान दिसतं म्हणून परीक्षेलाच बसू द्यायचं नाही! पुढल्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या बाई आल्या, तेव्हा वॉकरला हात लावायला नाही म्हणणारी आमची आई आपणहून उठून बसली. म्हणाली, "कर्वे साताऱ्याला चालत गेले. मला दारापर्यंत जायला काय झालं?" त्या दिवशी सात पावलं चालली. मी मोजली.

आता दोन विनंत्या. आपल्या पुरवणीत नव्या पुस्तकांची ओळख असते, ती मी आवडीनं वाचते. तिथे महिन्यातून एकदा एखाद्या जुन्या आत्मचरित्रालाही जागा द्यावी. दुसरी विनंती प्रकाशकांना, ती आपल्यामार्फत पोचावी. ही पुस्तकं ठळक, मोठ्या टाइपात काढा. ज्यांना ती सगळ्यांत जवळची वाटतील, त्या सत्तरी-ऐंशीच्या वाचकांनाच आज ती वाचता येत नाहीत. वाचनालयातल्या प्रतीचा टाइप इतका बारीक, की संध्याकाळी दिवा लावूनही मलाच अक्षर लागत नव्हतं. प्रत्येक घरी वाचून दाखवणारं माणूस असतंच असं नाही.

आई आता वॉकर धरून ओट्यापर्यंत येते, आणि येता येता पुढचं पुस्तक कोणतं ते विचारते. बायांच्या बहीण पार्वतीबाई आठवले इंग्रजी शिकायला म्हणून 1918 साली अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, हे मी तिला सांगून बसले आहे. त्यांची 'माझी कहाणी' आमच्या वाचनालयात नाही. कुणा वाचकाकडे असेल तर आपल्या कार्यालयात कळवावं, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि वाचून झाल्यावर कव्हर घालून परत करीन.

आपली,
एक वाचक, सांगली